भांडारकर प्रतीत गणपती नाही, मग ती कथा खोटी म्हणायची का?

उंबरठा:
मंडळाच्या फलकावर ‘गणपतीने स्वतःचा सुळा मोडून महाभारत लिहिलं’ असा मजकूर जायचाय. एकाने हरकत घेतली, की पुण्याच्या भांडारकर संस्थेने अनेक पोथ्या ताडून काढलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत ही कथाच नाही. द्रौपदीची प्रार्थना ऐकून कृष्ण वस्त्रं पुरवतो, तेही म्हणे नाही. दुसऱ्याचं म्हणणं, श्रद्धेच्या गोष्टीला हस्तलिखितांचा पुरावा मागायचाच कशाला?

तर ‘नाही’ म्हणजे नक्की काय? ते कोणी आणि कसं ठरवलं? आणि संहितेत नसलेलं खोटं धरायचं का? जाणकारांनी सांगावं.

भूर्जपत्र:
आधी ‘नाही’चा अर्थ. त्या आवृत्तीतून काहीही फेकून दिलेलं नाही. कोणताही खंड उघडा. वर मोठ्या टाइपात संहिता, म्हणजे संपादकांनी स्वीकारलेला पाठ, तिच्यात जिथे संपादकाला खात्री नाही तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ. त्याखाली बारीक टाइपात पाठभेद, कोणत्या पोथीत काय आहे त्याच्या खुणांसकट. काही पोथ्यांतच असलेल्या जादा ओळी तारांकित क्रमांक देऊन तिथेच छापल्यात आणि लांबलचक उतारे खंडाच्या शेवटी परिशिष्टात. गणपती लेखनिक होतो ती कथा आदिपर्वाच्या पहिल्या परिशिष्टात पहिल्याच क्रमांकावर आहे. घोळ होतो तो जालावरच्या प्रतींमुळे. त्यांत बहुधा नुसती वरची संहिता असते, म्हणून वाचणाऱ्याला वाटतं ‘उडवलं’.

ठरवलं कसं? काम १९१९ साली सुरू झालं, १९२५पासून वि. स. सुखठणकर प्रमुख संपादक होते, शेवटचं पर्व १९६६ला पुरं झालं. एकट्या आदिपर्वासाठी ६० पोथ्या ताडून पाहिल्या. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी आणि केरळची मल्याळम लिपीतली पोथी ही दोन टोकं. त्यांनी एकमेकींवरून नक्कल केल्याचा संभव फार कमी. म्हणून दोघींत जे जुळतं ते जुनं. एकाच प्रदेशात मिळतं ते तिथे मागाहून शिरलं असण्याची शक्यता जास्त. शिवाय नकलणारा माणूस देवाची स्तुती सहसा गाळत नाही, समासात कोणी लिहिलेलीसुद्धा आत घेतो. त्यामुळे पोथी फुगत जाते. सहाव्या शतकातल्या ताम्रपटात महाभारताला ‘शतसाहस्री संहिता’ म्हटलंय, चिकित्सित संहिता मात्र पाऊण लाख श्लोकांच्या आसपास थांबते.

पण हे व्यासांचं मूळ हस्ताक्षर नव्हे, आणि सुखठणकरांनीही तसा दावा केला नव्हता. मिळालेल्या पोथ्यांवरून मागे जाता येईल तितकं मागचं रूप, एवढंच. पोथ्या बहुतेक गेल्या चार-पाचशे वर्षांतल्या आहेत. त्याआधीच्या पडताळ्याला अकराव्या शतकातली क्षेमेंद्राची भारतमंजरी (महाभारताचा संस्कृत पद्यसंक्षेप), जुन्या जावा भाषेतलं आदिपर्व असे आधार घेतले.

सभापर्व:
द्रौपदीबद्दल ऐकीव बोलण्यापेक्षा जागा काढून बघा. गीता प्रेसच्या प्रतीत सभापर्व अध्याय ६८, चिकित्सित आवृत्तीत ६१. क्रमांक जुळत नाहीत आणि निम्मे वाद तिथेच पेटतात. ‘गोविन्द द्वारकावासिन्’ ही प्रार्थना काही पोथ्यांत आहे, काहींत नाही, आणि आहे तिथेही शब्द सारखे नाहीत. म्हणून संपादक फ्रँकलिन एजर्टन यांनी ती खाली घेतली.

पण चमत्कार खाली गेलेला नाही! संहितेतच आहे: दुःशासन वस्त्र ओढतो आणि ‘तद्रूपमपरं वस्त्रं प्रादुरासीदनेकशः’, तसंच दुसरं वस्त्र पुन्हापुन्हा प्रकट होतं. वस्त्रं मिळतात, देणाऱ्याचं नाव तेवढं नाही. ‘भांडारकरांनी चमत्कार काढून टाकला’ म्हणणाऱ्यांनी आणि त्यावर संतापणाऱ्यांनीही हे पान बहुधा उघडलेलं नसतं.

आता पुढची गंमत. उद्योगपर्व, चिकित्सित आवृत्ती, अध्याय ५८. कृष्णाचे शब्द संजय धृतराष्ट्राला सांगतोय: ‘ऋणमेतत्प्रवृद्धं मे हृदयान्नापसर्पति। यद्गोविन्देति चुक्रोश कृष्णा मां दूरवासिनम्॥’ मी दूर असताना कृष्णेने, म्हणजे द्रौपदीने, ‘गोविंदा’ अशी हाक मारली, ते वाढत गेलेलं ऋण माझ्या मनातून जात नाही. हा श्लोक वर, संहितेत आहे. म्हणजे हाक जुन्या थरातही माहीत होती. सभापर्वातली प्रार्थना मग मागाहून रचलेली की जुन्याच हाकेचा विस्तार, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. माझा कल विस्ताराकडे. आखूड पाठ म्हणजे मूळ पाठ हा नियम डोळे मिटून लावू नये.

अर्थवाद:
‘श्रद्धेला पुरावा कसला’ हे वाक्य परंपरेचं नाही, अलीकडचं आहे. परंपरेने पोथ्या ताडल्यात. महाभारताचा टीकाकार नीलकंठ चतुर्धर, मूळ घराणं कोपरगावचं, सतराव्या शतकात काशीत बसून आरंभीच सांगतो की वेगवेगळ्या देशांतल्या पुष्कळ पोथ्या जमवून त्यांतून उत्तम पाठ निश्चित केला. त्याआधी एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ला, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि वर दम भरला: ‘ज्ञानेश्वरीपाठीं। जो ओवी करील मऱ्हाटी। तेणें अमृताचे ताटीं। जाण नरोटी ठेविली॥’ पंगतीच्या ताटात करवंटी! नाथांपेक्षा जास्त श्रद्धा आपल्या मंडळात कोणाची असेल असं वाटत नाही.

राहिला खरं-खोट्याचा मुद्दा. मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ कसा लावायचा ते ठरवणारे शास्त्रकार, वेदवाक्यांचेही प्रकार पाडतात. काय करावं ते सांगणारं वाक्य विधी, आणि त्याची गोडी लावायला सांगितलेली कथा अर्थवाद. अर्थवाद ‘असं घडलं’ म्हणून वाचायचाच नसतो, त्याचा कस विधीला जोडून लागतो. महाभारत तर स्मृती, श्रुतीच्या म्हणजे वेदांच्या खालची पायरी. आणि शंकराचार्य गीताभाष्याच्या अठराव्या अध्यायात लिहितात, अग्नी थंड आहे किंवा प्रकाशत नाही असं शंभर श्रुती म्हणाल्या तरी त्या प्रमाण होत नाहीत. तसं वाक्य आलंच तर त्याचा विवक्षित अर्थ दुसरा मानावा, हेही तेच सांगतात. म्हणजे प्रत्यक्षाशी भांडायला शब्दप्रमाण (शास्त्रवचनाचा आधार) पुढे करायचं नाही. डोळ्यांना दिसत नाही त्या प्रांतात त्याचा अधिकार.

मात्र याची दुसरी बाजूही पाळा. परिशिष्टात गेल्याने कथा ‘खोटी’ ठरत नाही, ‘मागाहूनची’ ठरते. हा काळाचा निवाडा आहे.

उंबरठा:
हे पटलं. पण मग युद्ध झालं का? ग्रहस्थितीवरून तारीख काढतात ना?

भूर्जपत्र:
ग्रहस्थिती म्हणजे भीष्मपर्वाचे सुरुवातीचे अध्याय. तिथे व्यास धृतराष्ट्राला सांगतात की शनी रोहिणीला पीडा देतोय. पुढच्याच अध्यायात, त्याच बोलण्यात, गुरू आणि शनी दोघे विशाखांजवळ. रोहिणी ते विशाखा अंतर सुमारे १६० अंश, ते कापायला शनीला तेरा वर्षं लागतात. ही उत्पातांची यादी आहे, वेधशाळेची नोंदवही नव्हे. मग गणित करणारा सोयीचा श्लोक ठेवतो, गैरसोयीचा ‘लाक्षणिक’ म्हणतो, आणि प्रत्येकाची तारीख हजार-दोन हजार वर्षांनी वेगळी येते. संगणक कितीही चांगला असो, आत घातलेलंच बाहेर येणार.

जमिनीतला पुरावा त्यापेक्षा बरा, पण मोजकं बोलतो. बी. बी. लाल यांनी १९५० ते ५२ हस्तिनापूर खणलं. करड्या रंगाच्या चित्रित भांड्यांची वस्ती मिळाली आणि ती गंगेच्या पुराने उठल्याच्या खुणा. पुराणांत निचक्षू राजाच्या वेळी गंगेने हस्तिनापूर वाहून नेल्याचा उल्लेख आहे, तो याच्याशी जुळतो. त्यावरून वस्ती होती आणि पूर आला एवढंच म्हणता येतं. पांडव होते किंवा नव्हते, यातलं काहीच त्या खड्ड्यातून निघत नाही.

ऐहोळेच्या ६३४ सालच्या शिलालेखात भारतयुद्धापासून ३७३५ वर्षं मोजलीत. सातव्या शतकातले लोक काय मानत होते त्याचा तो पुरावा, युद्धाचा नव्हे.

उंबरठा:
आणि फलकावरचा सुळा?

सभापर्व:
तो परिशिष्टातसुद्धा नाही. तिथे गणपतीची अट ‘लेखनी’ क्षणभरही थांबू नये अशी, आणि व्यासांची उलट अट, समजल्याशिवाय लिहायचं नाही. सुळा मोडून लिहिल्याचं त्या उताऱ्यात कुठेच नाही, ते कथेकऱ्यांकडून आलंय. फलकावर ‘महाभारताच्या काही पोथ्यांत अशी कथा आहे’ म्हणा, दोन्ही अटी लिहा आणि सुळा चित्रात राहू द्या.