कापलं की हळद चेपायची का?

गवारशेंग (धागाकर्ती)
विळीवर बोट कापलं की आपल्याकडे पहिला हात हळदीकडे जातो. माझं म्हणणं, तो नळाकडे जावा. वाहत्या पाण्याखाली बोट धरा, चिरेत अडकलेला खोबऱ्याचा कीस निघू द्या, मग स्वच्छ फडक्याने पाच-दहा मिनिटं घट्ट दाबा. सारखं उचलून बघू नका, धरत आलेली गुठळी सुटते. रक्त थांबलं की पट्टी. झालं. मिसळणाच्या डब्यातल्या हळदीत ओला चमचा, मोहरी, हिंग सगळं गेलेलं असतं. ती जखमेत कशाला?

भाकरतुकडा
पिढ्यान्‌पिढ्या हळद लावत आलो, कुणाचं बोट झडलं नाही. 1995 मध्ये अमेरिकेने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवरच्या हळदीचं पेटंट दिलं होतं, विसरलात? आपल्या शास्त्रज्ञ माशेलकरांनी सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेतर्फे लढून 1997 मध्ये ते रद्द करायला लावलं. तिकडे पेटंटं घेतात आणि इथे आपणच नाकं मुरडायची!

दुर्बीण
माशेलकरांबद्दल आदरच आहे, पण पेटंट रद्द झालं ते 'यात नवीन काही नाही, भारतात आधीपासून ठाऊक आहे' एवढ्याच मुद्द्यावर. त्यासाठी जुने संस्कृत ग्रंथ आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला 1953 चा लेख पुढे केला होता. गुण किती येतो, हा वाद तिथे नव्हताच. हळदीतलं कुरकुमिन सूज कमी करतं असं प्रयोगशाळेत दिसलंय, पण ते शुद्ध केलेलं. सुट्या हळदीत रंगासाठी लेड क्रोमेट (शिशाचा विषारी पिवळा रंग) सापडल्याची प्रकरणं झालीत.

भाकरतुकडा
आम्ही सांगलीची हळकुंडं आणून घरी दळतो. आता बोला.

गवारशेंग
आमटीत घाला की मग!

बांधावरून
तुम्ही सगळे ओट्यापाशी उभं राहून बोलताय. रानात खुरपं लागलं तर नळ कुठला? एकदांडीचा पाला तळहातावर चुरगळायचा, हिरवा रस चिरेत पिळायचा, वर धडपं बांधायचं. रक्त थांबतं. आमच्याकडं दगडी पाला म्हणतात त्याला.

दुर्बीण
थांबत असेलही. (ही वनस्पती मूळची अमेरिकेतली, म्हणजे हळदीची फिट्टंफाट झाली!) पण धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मातीत आणि शेणातच असतात, पाल्याने ते मरत नाहीत. लसीचे डोस पूर्ण झालेले असले, तरी मातीने माखलेल्या जखमेला शेवटचं इंजेक्शन पाच वर्षांहून जुनं चालत नाही. स्वच्छ, किरकोळ जखमेला दहा वर्षं चालतं.

बांधावरून
इंजेक्शन घेतोच की दवाखान्यात गेल्यावर. तोवर काय करू ते सांगा.

गवारशेंग
प्यायच्या पाण्याची बाटली असते ना बरोबर? ती ओता. नुसत्या पिण्याजोग्या पाण्याने धुतलेली जखम सलाईनने धुतलेलीपेक्षा जास्त चिघळत नाही.

निवांत
पट्टीच चुकीची. डेटॉल ओतायचं, चांगलं झोंबू द्यायचं आणि उघडं ठेवायचं. वारा लागला की खपली धरते.

दुर्बीण
झोंबणं म्हणजे गुण नव्हे. डेटॉल पाण्यात मिसळून वापरायचं असतं, बाटलीवरच लिहिलेलं असतं. खपलीचं म्हणाल तर 1962 मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या अंगावरच्या जखमा पॉलिथिनने झाकून पाहिल्या. उघड्या जखमांपेक्षा झाकलेल्यांवर साधारण दुप्पट वेगाने नवी त्वचा चढली. ओलसर राहिलं की पेशी सरळ सरकतात, खपलीखालून वाट काढावी लागत नाही. पातळ थर पेट्रोलियम जेलीचा, वर पट्टी.

भाकरतुकडा
डुकराचं खरं आणि आमच्या आजीचं खोटं?

पाटपाणी
भांडा तुम्ही. पण मधुमेह असेल आणि जखम पायाला असेल, तर यातलं काहीच घरी करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. चीर खोल असेल, दाबूनही रक्त थांबत नसेल, कडेने लाली पसरत असेल, तरीही तेच.

भाकरतुकडा
हे मान्य. बरं, धुऊन, दाबून, मग वर चिमूटभर?

गवारशेंग
नाही.