गुडघा दुखतोय म्हणून सायकल विकायची नाही

बी-२०४ काका: परवा तुळजापूरला सायकलवर जाऊन आलो की ओ. येताना उजव्या गुडघ्याच्या वाटीपाशी दुखायला लागलं. आता जिना उतरताना लई त्रास होतोय. सोसायटीच्या ग्रुपवर कुणाला सायकल हवी असेल तर सांगा.

ए-१०२ वहिनी: काका, विकू नका ओ! आमच्या ह्यांचंही असंच व्हायचं. सीट वर केली आणि बराच फरक पडला.

सी-३०१ फिजिओताई: काका, वहिनी म्हणतात ते आधी करा. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा आणि पेडल पार खाली न्या. तेव्हा पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला की गुडघ्याला थोडा बाक राहतो, साधारण २५ ते ३५ अंश. सीट खाली असली की गुडघा जास्त दुमडून जोर लावतो आणि वाटीवर दाब येतो. दुखणं गुडघ्याच्या मागच्या बाजूला असेल तर सीट बहुतेक जास्त वर असते. घाटात गिअर कुठला होता?

बी-२०४ काका: जडच होता. हलक्यावर पाय नुसते फिरतात असं वाटतं.

सी-३०१ फिजिओताई: फिरू देत. सपाट रस्त्यावर मिनिटाला ८० च्या आसपास फेरे झाले तर उत्तम. जड गिअरवर रेटत चढलं की सगळा भार गुडघ्यावर येतो.

पण नुसत्या सीटनं भागणार नाही. सायकलवर मांडी पूर्ण मागे जातच नाही. दिवसभर खुर्ची आणि सकाळी सायकल, मग कुल्ल्याचा सांधा पुढच्या बाजूनं आखडणारच. त्यात कुल्ल्याचे स्नायू कमजोर असले की ते काम गुडघ्यावर आणि कमरेवर पडतं.

आपल्या जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर कठडा धरून एका पायावर उभे राहा. दुसऱ्या पायाची टाच सावकाश, तीन आकडे मोजत, जमिनीला टेकवा. ज्या पायावर उभे आहात त्याचा गुडघा आत वळतो का, ते काकूंना समोरून बघायला सांगा. वळत असेल तर दुखण्याचं मूळ कुल्ल्यात असू शकतं. दुखायला लागलं तर तिथंच थांबा.

सेतुबंधासन करा, म्हणजे पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर वर उचलायची, जमेल तसं एका पायावर. रोज एक गुडघा जमिनीवर टेकून त्याच मांडीचा पुढचा भाग ३० सेकंद ताणा. कंबर मात्र पुढे ढकलू नका. सेतुबंधासनासारखे ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोनदा पुरेत.

डी-४०३ दादा: ताई, माझं वेगळंच आहे. होटगी रोडवरून परत येईपर्यंत करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात.

सी-३०१ फिजिओताई: तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूनं एक नस जाते, ती हँडलवर दाबली जाते. कोपर सैल ठेवा, हाताची जागा बदलत राहा. पोट आणि पाठ थकली की आपण हातांवर रेलतो, म्हणून प्लँक करा, म्हणजे पालथं होऊन कोपरं आणि चवड्यांवर अंग सरळ धरायचं. हात-गुडघे टेकून ओणवं होऊन एक हात पुढे आणि विरुद्ध बाजूचा पाय मागे लांब करून धरायचा, तो व्यायामही करा. सायकलवरून उतरल्यावरही मुंग्या राहिल्या तर तपासून घ्या.

ए-१०२ वहिनी: निघायच्या आधी ताणायचं का नंतर?

सी-३०१ फिजिओताई: आधी पाय झुलवा, मार्जारासन करा (ओणवं होऊन पाठ वर-खाली वाकवायची), पहिली दहा मिनिटं हळू चालवा. धरून ठेवायचे ताण नंतर.

बी-२०४ काका: मग रविवारी हिप्परग्यापर्यंत जाऊ का? तेवढंच.

सी-३०१ फिजिओताई: या रविवारी नको काका. जिना उतरताना दुखायचं थांबू द्या, मग हळूहळू अंतर वाढवू. सूज आली, गुडघा अडकला किंवा पाय लटपटला तर थेट हाडांच्या डॉक्टरांकडे. मला मनापासून वाटतं, तुमची सायकल सुटू नये. रविवारी ऊन चढायच्या आत, सहा वाजता गच्चीवर या, मी करून दाखवते.

डी-४०३ दादा: मीपण येतो. गच्चीची किल्ली कुणाकडं आहे?

ए-१०२ वहिनी: आमच्याकडं. सतरंजी आपापली आणा, फरशी खडबडीत आहे.