मदत हवी आहे : ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, आईचं ऑपरेशन करावं की सुईचा उपाय?

नमस्कार. आईसाठी विचारतोय, तिला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं आहे. वय ६८, बीपीची गोळी चालू, साखर काठावर. आम्ही कराडला असतो.

दोन वर्षांपूर्वी दात घासताना उजव्या गालातून करंट गेल्यासारखं झालं. आम्हाला वाटलं दाढ. दंतवैद्यांनी वरची दाढ काढली आणि आठ दिवसांत कळ परत आली, तीही जिथे आता दाढच नव्हती तिथे. पुढची दाढ काढायची तारीखसुद्धा ठरली होती. तेवढ्यात आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांनी तिच्या गालावर कापसाचा बोळा नुसता टेकवला. आई किंचाळली. म्हणाले, "दाढेला हात लावू नका, ही नस आहे."

मिरजेला न्यूरॉलॉजिस्टनी कार्बामाझेपिन सुरू केलं. ही फिटसाठीही देतात ती गोळी. साध्या पेनकिलरने तिळभर फरक पडत नव्हता, हिने तिसऱ्या दिवशी आई भाकरी खायला लागली. वर्ष बरं गेलं. मग कळा परत. डोस वाढवत दिवसाला ८०० मिलिग्रॅमपर्यंत गेलो, तर ती भिंत धरून चालायला लागली आणि एका सकाळी मलाच "तू कोण" म्हणाली. रक्तातलं सोडियम १२१ निघालं, हवं असतं १३५ च्या वर. ॲडमिट केलं. आता डोस निम्मा, जोडीला बॅक्लोफेन आणि गॅबापेंटिन. दिवसभर पेंगते, आणि कळा आहेतच. ऑक्सकार्बाझेपिन या तशाच दुसऱ्या गोळीचं विचारलं, पण त्याने सोडियम आणखी उतरेल म्हणून डॉक्टर नको म्हणाले.

सध्या घरात पंखा बंद. पाणी डाव्या बाजूने, स्ट्रॉने. जेवण म्हणजे पेज. सात किलो वजन उतरलंय. कळ दहा-वीस सेकंदांची, मधल्या वेळात माणूस ठणठणीत दिसतो, त्यामुळे बघणाऱ्याला पटत नाही. मावशीने आधी "नाटकं तर नाहीत ना" विचारलं आणि लगेच नारळ ओवाळून टाकायला सांगितला.

एमआरआयमध्ये मेंदूतल्या एका धमनीचा वळसा नसेला टेकलेला दिसतोय. एका न्यूरोसर्जनचं मत एमव्हीडी करा : कानामागे लहान भोक पाडून धमनी बाजूला करायची आणि मध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवायचा. दुसरे म्हणतात वय बघता गालातून सुई घालून नस भाजू, एक-दोन दिवसांत घरी. पण गाल बधिर होईल आणि काही वर्षांनी दुखणं परतू शकेल.

आईचं ठाम मत : "गाल मेला तरी चालेल, डोकं फोडू देणार नाही."

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी सांगा, बधिर गाल घेऊन जगणं प्रत्यक्षात कसं असतं? ६८ ला एमव्हीडी झेपतं का? आणि गॅमा नाइफचं (बाहेरून किरण सोडून नसेवर उपचार) काय?

प्रतिसाद १
वडिलांचं एमव्हीडी ७१ व्या वर्षी केलं. वयापेक्षा हृदय आणि फुप्फुसं काय म्हणतात ते बघतात. भूल देण्याआधी सोडियम जागेवर आणावं लागेल. बाबा चार महिने दाढी वाढवून होते, वस्तरा लावता येत नव्हता. गल्लीत सगळ्यांना वाटायचं नवस बोललाय. ऑपरेशननंतर आठवड्याने स्वतः दाढी केली. फुकट काही नाही, त्या बाजूच्या कानाने कमी ऐकू येतं. हा धोका आधी सांगितलेला होता. सर्जनना सरळ विचारा, वर्षाला अशी किती करता?

प्रतिसाद २
बायकोचं रेडिओफ्रीक्वेन्सी, म्हणजे तोच सुईने नस भाजायचा उपाय, झालंय. मध्येच जागं करून कुठे मुंग्या येतात ते विचारतात. बधिरपणा म्हणजे दात काढायच्या इंजेक्शननंतर गाल होतो तसा, फक्त उतरत नाही. गाल चावला जातो, घास आत साठून राहतो, कळतही नाही. जेवल्यावर आरशात बघून तोंड धुते. तरी म्हणते, त्या कळेपुढे हे काहीच नाही. चौथ्या वर्षी परत करावं लागलं. कळ कपाळ-डोळ्याकडे जाते का बघा. नसेची तिथली फांदी बधिर झाली तर डोळ्यात गेलेला कचराही जाणवत नाही. आणि क्वचित बधिर झालेली जागाच दुखत राहते, त्याबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा.

प्रतिसाद ३
गॅमा नाइफ मुंबईत हिंदुजाला आहे. डोकं उघडत नाहीत, पण गुण यायला काही आठवडे, कधी काही महिने जातात. पाणी पिता येत नाही तिने तोवर काय करायचं? गोळ्या मात्र कुठल्याही उपायानंतर एकदम थांबवू नका, डॉक्टर सांगतील तशा उतरवा. हा धागा वाचणाऱ्या कुणाची कार्बामाझेपिन नव्याने सुरू होणार असेल तर एचएलए-बी १५०२ या रक्ततपासणीबद्दल विचारा, या गोळीने अंगावर गंभीर पुरळ येण्याचा धोका जास्त आहे का ते त्यात कळतं. अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, वाट बघू नका.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. कळ गालात आणि वरच्या हिरडीतच आहे, डोळ्याकडे नाही. सोडियम परवा १३३. आईला सगळं वाचून दाखवलं. आरशाचं ऐकून बराच वेळ गप्प होती. मग पाटीवर लिहिलं (बोलणं टाळते हल्ली) : "त्या दाढीवाल्यांना विचार, कानामागचे केस परत आले का?"

तर प्रतिसाद १, आले का?