खोटा-खोटा खेळ बंद करायचा म्हणे!

मुद्गल_उवाच: कालच्या त्या पोस्टला तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं म्हणून वेगळा धागा. म्हणे पोरं ठोकळा कानाला लावून "मीटिंगमध्ये आहे" म्हणतात, बाहुल्यांना इंजेक्शनं देतात, त्याने खोटं बोलायची सवय लागते, त्यापेक्षा घरातली खरी कामं द्या. अहो, ठोकळा म्हणजे फोन नाही हे तीन वर्षांच्या पोराला चांगलं कळतं! खरा फोन वाजला की ठोकळा टाकून तिकडेच पळतं. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीने १९३३ साली सख्ख्या बहिणींचं उदाहरण दिलंय, त्या 'बहिणी-बहिणी' खेळतात तेव्हा बहिणीने कसं वागायचं ते ठरवून वागतात, एरवी त्याचा विचारही करत नाहीत. नियम पाळणं असंच अंगवळणी पडतं.

स्पष्टवक्ती: पोस्ट माझी आहे, नाव घ्यायला काय झालं होतं? माँटेसरीबाईंनी मुलांना त्यांच्या मापाच्या खऱ्या वस्तू दिल्या तर पोरं खेळणी सोडून खरं काम करायला लागली. आणि मानसशास्त्रज्ञ लिलार्ड वगैरेंनी २०१३ मध्ये सगळे अभ्यास तपासले, नाटकी खेळाने बुद्धी वाढते याला भक्कम पुरावा सापडला नाही. ते वाचलंत का?

मुद्गल_उवाच: वाचलंय. लिलार्डबाई स्वतः माँटेसरीवाल्या, हे सोयीने गाळलंत. आणि फायदा सिद्ध नाही म्हणजे तोटा सिद्ध झाला का?

आजोबा_ऑनलाइन: वाद राहू द्या. आमची नात शाळा-शाळा खेळते. पट्टी आपटते, बाहुलीला कोपऱ्यात उभं करते, "तोंडावर बोट!" शाळेत काय चालतं ते घरबसल्या कळतं.

खडूफळा: झालं, घसरले शाळेवर! मी बालवाडीला शिकवते. आमच्याकडे पोरं घर-घर खेळतात तेव्हा "दिसत नाही का मी फोनवर आहे" हे वाक्य कितीदा ऐकते, सांगू?

आजोबा_ऑनलाइन: विषय पट्टीचा होता.

तिरकस: मानसशास्त्रज्ञ बांडुराचा १९६१ चा प्रयोग आठवा, मोठ्यांना बाहुली बडवताना बघून पोरांनीही बडवली. बघितल्याशिवाय येत नाही.

खडूफळा: त्या प्रयोगात शिक्षिका नव्हती हो! माझ्या वर्गात पट्टीच नाही, तरी पोरं कुठूनतरी काठी शोधून आणतात. का? शांतपणे शिकवणारी बाई खेळायला कंटाळवाणी, ओरडणारीत मजा. डॉक्टर-डॉक्टरमध्ये कधी कुणी "आराम करा, पाणी प्या" सांगून पेशंटला घरी पाठवलाय? सुईच लागते! मोठ्यांचं जे भीतीदायक असतं तेच पोरं उचलतात, कारण तेव्हा सुई त्यांच्या हातात असते. त्यावरून डॉक्टर क्रूर ठरवणार का?

मुद्गल_उवाच: हे पटलं. माझा भाचा टाके घालून आल्यावर सगळ्या घरादाराला टाके घालत फिरायचा, मग हळूहळू रडं थांबलं.

स्पष्टवक्ती: बरं बाबा, खेळू देत, तुम्ही सगळे थोर. पण दिवसभर दमून आल्यावर रोज पेशंट मीच, आणि उठले की "अजून बरी झाली नाहीस" म्हणून परत झोपवतात. त्यापेक्षा भाज्या निवडल्या तर काय वाईट होतं?

तिरकस: झोपायला मिळतंय आणि तक्रार करताय!

आजोबा_ऑनलाइन: पट्टीचं मागे घेतो. पण कोपऱ्यात उभं करणं? आमच्या घरात कुणी करत नाही.

खडूफळा: कार्टूनमध्ये करतात. कार्टून कोण लावून देतं, आजोबा?