पिकअपला मोठे टायर बसवायचे, तर रिम 18 इंचीच ठेवावी की 17 वर यावे?

कांदिवली_पूर्व

माझ्या इसुझू व्ही-क्रॉसचे कंपनीने दिलेले 255/60 आर 18 मापाचे (रुंदी 255 मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 60 टक्के, रिम 18 इंची) टायर आता पार गुळगुळीत झाले आहेत. महिन्यातून दोनदा कसारा घाट चढून इगतपुरीच्या पलीकडे शेतावर जाणे होते आणि उरलेले दिवस गाडी घोडबंदर रस्त्याचे खड्डे मोजत असते. टायर बदलायचेच आहेत, तर थोडे मोठे घ्यावेत असे ठरवले आहे. आणि माझे मत असे की, मोठा टायर हवा असणाऱ्याने रिम वाढवू नये, उलट एक इंचाने कमी करावी. सध्याच्या टायरची बाजूची भिंत 153 मिलिमीटर उंच आहे. 17 इंची रिमवर 265/70 घेतला, तर तीच भिंत 185 मिलिमीटर होते आणि खड्ड्याच्या कडेवर चाक आदळते तेव्हा रिम वाचवायला मध्ये तेवढे रबर व हवाच असते. 8 इंच रुंदीची, +20 ऑफसेटची (हबला टेकणारी बैठक रिमच्या मध्यरेषेपासून 20 मिलिमीटर बाहेर; हा आकडा जितका लहान, तितके चाक बाहेर येते) अलॉय रिम मला पसंत पडली आहे. दुकानांत मात्र जो तो 20 इंची रिम पुढे करतो, कारण ती दिसायला झोकदार असते. वरातीसाठी ती ठीकच आहे.

दादर_पश्चिम

रिम लहान करण्याचा आपला विचार मला पटतो, टायर वाढवण्याचा पटत नाही. आपल्या सध्याच्या चाकाचा व्यास सुमारे 763 मिलिमीटर आहे आणि 265/70 आर 17 चा 803 भरतो, म्हणजे वाढ पाच टक्क्यांहून थोडी जास्त. स्पीडोमीटर 80 दाखवेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात 84 च्या वेगाने धावत असेल. घाटात भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढवताना इंजिनाला प्रत्येक फेऱ्यात तेवढेच जास्त अंतर ओढावे लागेल, आणि चाकाचे वाढलेले वजन थांबवण्याचे काम ब्रेक जुनेच करतील. एवढे सोसून गाडीची उंची वाढणार किती, तर व्यासातील फरकाच्या निम्मी, म्हणजे 20 मिलिमीटर.

दुसरी बाजू कायद्याची आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे कलम काटेकोरपणे वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपयांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतची कैद, अथवा दोन्ही, होऊ शकतात. रस्त्यावर कोणी अडवत नाही हे मलाही ठाऊक आहे, परंतु अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक टायरवरचे माप वाचतोच.

कुर्ला_स्पॅनर

आपण दोघेही व्यासावर वाद घालता आहात आणि जिथे माणूस खरा फसतो ती जागा सोडून देता आहात. पिकअपच्या चाकाला सहा बोल्ट आणि 139.7 मिलिमीटरचे पीसीडी, म्हणजे बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, एवढे जुळले की दुकानदार ‘बसते साहेब’ म्हणतो. बसते, हे खरे आहे. परंतु व्ही-क्रॉसच्या हबचा, म्हणजे रिमचे मधले भोक ज्यावर बसते त्या भागाचा, व्यास सुमारे 100 मिलिमीटर आहे आणि टोयोटा हायलक्ससाठी केलेल्या रिमचे मधले भोक सुमारे 106 चे असते. मी एका दुकानातून अशाच चार रिम घेतल्या होत्या. हब आणि रिम यांच्या मधली जागा भरणारी कडी त्याने दिली नाही आणि मीही मागितली नाही. कलानगरच्या पुढे गाडी 80 वर गेली की स्टिअरिंग हातात थरथरू लागे. तीन वेळा बॅलन्सिंग करून पैसे घालवले. शेवटी एका वृद्ध फिटरने चाक उतरवले, हब आणि रिम यांच्या फटीत नख सरकवून दाखवले आणि चारही बाजूंनी 3 मिलिमीटर जाडीची कडी बसवण्यास सांगितले. त्यानंतर थरथर गेली.

नटांचेही तसेच आहे. रिमची बैठक निमुळती असेल, तर निमुळताच नट लागतो. सपाट वॉशरचा कंपनीचा नट तिथे आवळला, तर घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण खरी पकड कडेवरच राहते. नवी रिम बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने नट पुन्हा तपासावेत.

विक्रोळी_भाडेवाला

माझी गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली आहे. अशा गाडीच्या नोंदणीतच टायरचे माप लिहिलेले असते, त्यामुळे दादरच्या सदस्यांचा मुद्दा मला तरी थट्टेवारी नेता येत नाही. मात्र अलॉयच हवी हा हट्ट मला समजत नाही. इसुझूच्याच हाय-लँडर पिकअपला कंपनीच 16 इंची लोखंडी रिम आणि 245/70 चे टायर देते. लोखंडी रिम खड्ड्यात वाकली, तर कोणताही पंक्चरवाला ठोकून दोन गावे पुढे जाण्याइतकी सरळ करून देतो; अलॉयला चीर गेली, तर माणूस माळशेजमध्ये हात चोळत बसतो. अलॉय घ्यायचीच असेल, तर तिच्या आतल्या बाजूला कोरलेली वजनक्षमता वाचावी. दोन चाकांची मिळून ती मागच्या आसाच्या कमाल भारापेक्षा कमी असता कामा नये. जपानी प्रमाणाचा ‘जेडब्ल्यूएल’ हा शिक्का प्रवासी मोटारींच्या रिमसाठी आहे, मालमोटारींसाठी ‘जेडब्ल्यूएल-टी’ असतो. दुकानदारांना हा फरक विचारून पाहा, बहुतेक जण विषय बदलतात.

कांदिवली_पूर्व

16 इंची रिम माझ्या पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरवरून मोकळी फिरेल की नाही, हे प्रत्यक्ष बसवून पाहिल्याशिवाय मी मान्य करणार नाही. भोकाचा आणि नटांचा मुद्दा मात्र माझ्या लक्षातच आला नव्हता. ऑफसेटबाबत मी ठाम आहे. चाक थोडे बाहेर आले की गाडी रुंद पाय टाकून उभी राहते आणि वळणावर कमी कलते.

दादर_पश्चिम

‘थोडे’ म्हणजे किती, हे मोजून पाहावे. आपल्या मूळ रिमच्या आत 7.5 जे (7.5 इंच रुंदी) आणि +33 असे कोरलेले असेल, तर 8 इंची, +20 ची रिम बाहेरच्या बाजूला 19 मिलिमीटर सरकते; टायरचा मध्य ऑफसेटच्या फरकाइतका, म्हणजे 13 मिलिमीटर सरकतो, आणि त्यात टायरची रुंदी 10 ने वाढली, म्हणजे निम्मे 5 तिकडे गेले. टायरची बाहेरची कड एकूण निदान 18 मिलिमीटर बाहेर येते. हा टायर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर मोठ्या वर्तुळात फिरतो आणि मडगार्डच्या प्लास्टिकच्या अस्तराला मागच्या कोपऱ्यात घासतो. शिवाय बेअरिंगवरचा भार बाहेर सरकतो, आणि एक चाक पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गेले की स्टिअरिंगला पूर्वीपेक्षा जोराचा हिसका बसतो. पावसाळ्यातील पश्चिम द्रुतगती महामार्गावर हे चार महिने रोजचेच आहे. तीच 8 इंची रिम +30 ची घेतली, तर बाहेरची सरक 9 मिलिमीटरवर येते.

कुर्ला_स्पॅनर

गणिताच्या जोडीला एक साधी चाचणी करावी. एकच चाक बसवून घ्या, अस्तराच्या आतल्या कडेला मुलांची खेळायची माती लावा, त्या बाजूचे चाक फुटपाथच्या कडेवर चढवून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा आणि माती कुठे दबली ते पाहा. दुकानदार चिडतो, पण अजून पैसे दिलेले नसतात तोवरच तो चिडतो.

कांदिवली_पूर्व

शनिवारी कलिन्याच्या बाजूला जाऊन ही चाचणी केली. +20 च्या रिमवर 265/70 लावून उजवीकडे पूर्ण वळवले, तेव्हा माती चपटी होऊन अस्तराचा काळा रंग तिच्यातून दिसू लागला, आणि गाडीत माझ्याशिवाय कोणीही नव्हते. म्हणून +30 ऑफसेटची 8 इंची रिम आणि 265/65 आर 17 चे टायर घेतो आहे. व्यास 776, म्हणजे वाढ जेमतेम पावणेदोन टक्के, आणि भिंत तरीही 172 मिलिमीटर मिळते. कायद्याचे दादरचे म्हणणे यानेही पूर्ण शमत नाही, ते मला मान्य आहे. परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारतो आहे.

एक अडचण उरली आहे. स्टेपनी जुनीच, 763 ची राहिली, तर फोर-व्हील लावलेल्या गाडीत पुढचे-मागचे चाक वेगळ्या व्यासाचे होईल आणि पक्क्या रस्त्यावर गिअरचा ताण वाढेल. पाचवी रिम घेतली, तर तळाखालच्या साखळीच्या खोबणीत ती मावते का, हे कोणी मोजले असल्यास सांगावे.