माल ओळखला, आता विकणाऱ्याला सांगायचं का?

जुनापुराणा:

गेल्या महिन्यात एक मूर्खपणा केला. जुन्या बाजारात एका पथारीवर, फुटक्या काचेच्या चौकटीत एक छोटं निसर्गचित्र पडलं होतं. पथारीवाला नुसत्या चौकटीच्या भावात देत होता. खिशातलं भिंग काढून पाहिलं, तर छपाईचे ठिपके कुठेच नाहीत. रेषांची शाई कागदावर किंचित उठून आलेली, चारी बाजूंनी धातूच्या पत्र्याच्या कडेचा दाब कागदात उमटलेला, खाली पेन्सिलीने सही. म्हणजे कॅलेंडरचं चित्र नव्हे, कलावंताने कोरलेल्या पत्र्यावरून काढलेला ठसा.

आणि मी काय करावं? उत्साहाच्या भरात हे सगळं त्यालाच समजावून सांगितलं. भिंगसुद्धा त्याच्या हातात दिलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, चित्र उचललं, मागच्या पेटीत ठेवलं आणि म्हणाला, "मग आज नाही विकत." पुढच्या आठवड्यात गेलो तर चित्र गेलेलं. कोणाला, केवढ्याला, काही सांगेना. दैव देतं आणि कर्म नेतं, ते हे असं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: सांगायचं नाही. ओळखता येणं ही माझी वीस वर्षांची कमाई आहे. फसून घेतलेल्या मालाने माझा अख्खा माळा भरलाय, त्याचे पैसे कोणी परत दिले नाहीत. नवं टेबल चहाच्या पाण्याने काळं करून 'जुनं आहे साहेब' म्हणणारा मला खरं सांगतो का? मग मी का सांगावं? खोटं बोलू नये, एवढं मला मान्य आहे. पण गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

तुम्ही काय केलं असतं? साधुसंतांनी कृपया पुढच्या धाग्यावर जावं.

सरळमार्गी:

साधुसंत नाही, तरी थांबतोय. फ्रान्समधलं मुखवट्याचं प्रकरण आठवा. एका वृद्ध जोडप्याने २०२१ मध्ये घर आवरताना एक लाकडी मुखवटा जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला १५० युरोला विकला. तो निघाला मध्य आफ्रिकेतल्या फांग लोकांचा दुर्मीळ 'न्गिल' मुखवटा. मार्च २०२२ मध्ये माँपेलिएच्या लिलावात त्याला ४२ लाख युरो आले, आणि म्हातारा-म्हातारीला ते कळलं वर्तमानपत्रातून. व्यापाऱ्याने तो मुखवटा दुकानात मांडलाच नव्हता, थेट लिलाववाल्यांना दाखवायला नेला होता. म्हणजे शंका त्याला आली होती.

आता सांगा, हा 'कमाई' करणारा माणूस तुम्हाला आवडला का?

कलमबहाद्दर:

सरळमार्गी, अर्धी गोष्ट सांगितलीत. जोडप्याने दावा लावला आणि डिसेंबर २०२३ मध्ये आलेसच्या न्यायालयात ते हरले. स्वतःच्या वस्तूची किंमत काढून घ्यायची काळजी तुम्हीच घेतली नाहीत, असा निकालाचा रोख होता. गॅबॉन सरकारही 'मुखवटा आमचा' म्हणून मध्ये पडलं होतं, त्यांचंही म्हणणं फेटाळलं गेलं.

त्याआधी तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे. एकोणिसाव्या शतकातला छायाचित्रकार बाल्ड्युस, त्याचे जुने फोटो एका बाईंनी लिलावात प्रत्येकी १००० फ्रँकला विकले. नंतर त्या घेणाऱ्याला स्वतःच शोधून काढलं आणि त्याच भावाने आणखी फोटो दिले. त्याला खरी किंमत ठाऊक होती. न्यायालय म्हणालं, सांगण्याचं बंधन घेणाऱ्यावर नाही. अमेरिकेत तर १८१७ पासून हाच सूर आहे. युद्ध संपल्याची बातमी आधी कळलेल्या माणसाने गप्प राहून तंबाखू घेतली होती, तो खटला. तिथे न्यायमूर्ती मार्शल यांनी एक पाचर मात्र मारून ठेवली: गप्प राहा, पण समोरच्याची दिशाभूल होईल असं काही बोलू-करू नका.

धागाकर्त्याची बाजू कायद्याने भक्कम आहे. बाकी चालू द्या.

सरळमार्गी:

कायद्याचं कोण विचारतंय? कायद्याने तर पंगतीत शेजाऱ्याच्या पानातली पुरीही उचलता येईल, तो मान वळवेपर्यंत थांबलात की झालं. आणि कलमबहाद्दर, तुम्हीही अर्धंच सांगितलंत. त्याच फ्रान्समध्ये १९६८ साली कारात्ची या इटालियन चित्रकारांच्या चित्रशाळेचं म्हणून २२०० फ्रँकला गेलेलं चित्र लूव्र संग्रहालयाने पूसँ या नामवंत फ्रेंच चित्रकाराचं म्हणून भिंतीवर लावलं, तेव्हा मूळ मालक वर्षानुवर्षं भांडून ते परत मिळवू शकले ना?

कलमबहाद्दर:

मिळवलं, मान्य. पण तिथे विक्रेत्यांना 'हे पूसँचं नाही' असं तज्ज्ञाने सांगितलं होतं. त्यांची चूक प्रामाणिक होती. मुखवटावाल्यांनी कोणाला विचारलंच नाही. फरक तेवढाच.

वाळवी:

जुनापुराणा यांना +१. माल ओळखला की पैसे मिळाले, असं वाटणाऱ्यांनी एकदा तरी ओळखलेला माल विकून बघावा. लिओनार्दो दा विंचीचं म्हणून गाजलेलं 'साल्वातोर मुंडी' हे चित्र १९५८ मध्ये लंडनच्या लिलावात ४५ पौंडांना गेलं. २००५ मध्ये दोन व्यापाऱ्यांनी ते न्यू ऑर्लिन्समधून सुमारे ११७५ डॉलरना घेतलं. २०१७ च्या लिलावातले ४५ कोटी डॉलर सगळ्यांना पाठ आहेत, मधली वर्षं कोणी सांगत नाही. थरावर थर चढवलेला रंग उतरवायचा, तडकलेली फळी सांधायची, दारोदार तज्ज्ञांना दाखवायचं. एवढं होऊन आजही 'संपूर्ण लिओनार्दोचं का?' हा वाद मिटलेला नाही. आता २००५ च्या त्या विक्रेत्याला नक्की काय सांगायला हवं होतं? 'बहुधा काहीतरी आहे' हे? त्याची किंमत काय लावायची?

मी लाकडात आहे. खण बाहेर काढून मागची बाजू बघते: सांधे हाताने कापलेले असले की एकसारखे नसतात, करवतीचे ओरखडे सरळ पडलेत की गोल ते दिसतं, किड्यांची भोकं खरी असली तर आत वाकडीतिकडी जातात, ड्रिलने पाडलेली सरळसोट. एवढं बघून दहातली तीन अंदाजाने बरोबर येतात. उरलेल्या सातांचा तोटा वाटून घ्यायला कुठला विक्रेता येतो?

आडगल्ली:

अख्खा वाद चुकीच्या गोष्टींवर चाललाय. गाजलेल्या घबाडांपैकी कितीतरींमध्ये घेणाऱ्यालाही काही ठाऊक नव्हतं! १९८९ मध्ये पेनसिल्व्हेनियात एकाने ४ डॉलरला चित्र घेतलं ते चौकटीसाठी. चित्रामागे घडी घातलेला अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला, १७७६ मधल्या पहिल्या छपाईतला. १९९१ मध्ये तो २४ लाख डॉलरवर गेला. न्यूयॉर्क राज्यातल्या एका कुटुंबाने ३ डॉलरला घेतलेला वाडगा काही वर्षं शोभेला ठेवला होता. हजार वर्षांपूर्वीचा चिनी 'डिंग' वाडगा, २०१३ मध्ये २२ लाखांवर. यात कोणी कोणाला फसवलं?

आणि माझं लाडकं, रशियन जवाहिऱ्या फाबेर्जेचं सोन्याचं अंडं. रशियाच्या झारसाठी १८८७ मध्ये घडवलेलं, आत घड्याळ. अमेरिकेत एकाने ते सुमारे १४,००० डॉलरना घेतलं, निव्वळ सोनं वितळवून चार पैसे सुटतील म्हणून. सोनं घेणाऱ्यांनी हिशोब केला आणि नको म्हणाले, कारण याने जरा जास्तच मोजले होते. त्या सगळ्यांची संधी हुकली म्हणून ते अंडं वाचलं! पुढे त्याने घड्याळावरचं नाव आणि 'अंडं' हे दोन शब्द इंटरनेटवर टाकून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. जुनापुराणांनी स्वतःच्या हुकलेल्या चित्राकडेही जरा असं बघावं, जाऊ दे ना.

भिंगरी:

आतापर्यंत नुसती वाचत होते, कारण इथे सगळे घेणारेच दिसताहेत. मी विकणारी.

वडील गेल्यावर घर रिकामं करायला आठ दिवस होते. जुन्या वस्तू घेणारे एक गृहस्थ आले. फार अदबीने बोलले. वडिलांच्या टेबलावरची पितळी होकायंत्राची पेटी त्यांनी सगळ्यात शेवटी उचलली. आधी दोन मोडक्या खुर्च्यांचं कौतुक केलं, एका पंख्याचा भाव विचारला, मग जाता जाता म्हणाले, "ही पण देऊन टाका, तुमची अडगळ तरी कमी होईल." मी दिली. वर मीच 'न्या हो तशीच' म्हणाले. वर्षभराने एका लिलावाच्या यादीत पेटीचा फोटो पाहिला. झाकणावर मी लहानपणी काढलेला ओरखडा होता, म्हणून ओळखली.

पैशांचं सोडा. जुनापुराणा, तुम्ही म्हणता गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. पण तुमच्यापैकी नुसतं गप्प कोण बसतं? हवी ती वस्तू सोडून शेजारची उचलायची, चेहऱ्यावर कंटाळा आणायचा, 'घरात जागा नाही हो' म्हणायचं, निघाल्यासारखं करून परत फिरायचं. हे गप्प बसणं आहे? 'अडगळ' हा शब्द त्या गृहस्थांनी खोटा वापरला होता, हे त्यांना माहीत होतं. मला नव्हतं.

वाळवी:

भिंगरीताई, वाईट वाटलं. पण बाजारातली घासाघीस आणि सुतकातल्या घरी जाऊन केलेली खरेदी, यात फरक नाही का? पथारीवाला रोज शंभर गिऱ्हाइकांची नाटकं बघतो आणि स्वतःही करतो.

भिंगरी:

फरक आहे. मग धाग्यात तसं लिहायला हवं होतं ना? तिथे सरसकट 'विकणारा' लिहिलंय.

कलमबहाद्दर:

मार्शलची पाचर इथेच बसते. 'अडगळ' म्हणणं गप्प बसण्यात मोडत नाही. माझा वरचा 'भक्कम' हा शब्द निम्मा मागे घेतो.

जुनापुराणा:

सकाळपासून तीनदा उत्तर लिहून खोडलं. भिंगरीताई, शेजारची वस्तू उचलायची युक्ती मी नव्या लोकांना मुद्दाम शिकवतो. 'पहिली आवडलेली वस्तू शेवटी विचारायची', हे वाक्य माझंच आहे. ती युक्ती कोणाच्या घरात कधी वापरली का, ते आठवतोय. दोनदा वापरली.

तरी पथारीवाल्याबाबत मी मागे हटत नाही. तो व्यापारी, मी व्यापारी. त्याच्याशी बोलून मी चूकच केली. घरच्या मालाचं मात्र इथून पुढे, 'कोणाला तरी दाखवून मग द्या' एवढं तरी म्हणेन. म्हणजे मी तरी म्हणेन. इतरांवर सक्ती नाही.

सरळमार्गी:

निम्मा विजय स्वीकारतो. हलकेच घ्या.

आडगल्ली:

अवांतर: एवढी चर्चा झाली, पण त्या चित्राखाली सही कोणाची होती ते राहिलंच की!

जुनापुराणा:

वाचता आली नाही. फोटोही काढला नव्हता.