पेनांगचा 'पाव' मराठीत कसा लिहायचा?

उपराजधानी : मलेशियाच्या टूरचं माहितीपत्रक मराठीत करून देतेय. पेनांगच्या खाण्याच्या यादीत एक पदार्थ आहे, तिथले लोक त्याला 'पाउ' म्हणतात. मैद्याचा वाफवलेला पांढरा गोळा, आत सारण, कधी चिकन, कधी डुकराचं मांस, कधी लाल दाण्यांचं गोड पुरण. मी सरळ 'पाव' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'बाओ' केलं. पण बाओ हा बीजिंगकडचा उच्चार, पेनांगच्या गल्लीत कोणी तसं म्हणत नाही. अडचण अशी की गाडीभर मंडळी नागपूरच्या इतवारीतली, शुद्ध शाकाहारी, 'पाव' वाचलं तर बिनधास्त उचलून तोंडात टाकतील. काय लिहू? उद्या फाईल द्यायची आहे.

तर्रीवाला : पाव म्हणजे पावच ना ताई, पोर्तुगीज मलाक्काला पण होते की, 1511 पासून. त्यांनीच तिकडे नेला असेल. आपल्याकडे गोव्यात आणला तसाच.

म्हापशाची (सध्या मनीषनगर) : नाही हो भाऊ. दिसायला जुळं, पण घराणी वेगळी. आमचा पाव पोर्तुगीज 'पाँव'वरून, ते लॅटिन 'पानिस'वरून. जपानीतला ब्रेडसाठीचा 'पान' हा शब्दही त्याच पोर्तुगीजांनी नेलेला. मलेशियातला पाउ चिनी आहे, मूळ अर्थ गुंडाळणे, पुडी बांधणे. फूच्येन प्रांतातून गेलेल्या लोकांच्या बोलीत 'पाउ', बीजिंगकडे 'बाओ', फिलिपिन्समधे 'सिओपाव', थायलंडमधे 'सालापाउ'. योगायोगाने दोघांत मैदा आहे म्हणून आपण फसतो. आणि गोव्यात पूर्वी पीठ फुगवायला माडाची ताडी घालत, पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत यायचा. इथे नागपुरात जे पाकिटातलं मिळतं त्याला पाव म्हणायची माझी तयारी नाही.

तर्रीवाला : तुमची तयारी नसली तरी आम्ही खाऊन राह्यलो ना बाप्पा. आमच्या घरी तर डबलरोटीच म्हणत, पाव हा शब्द मुंबईची पावभाजी आली तेव्हा इकडे आला.

महालकर : साफ चूक. महालात बेकरीवाल्याला पाव मागायचे लोक, आजोबा मागायचे. डबलरोटी हे सदरकडचं, हिंदी वळणाचं. आणि पाव नाव का पडलं ते सगळ्या नागपूरला माहीत आहे, पीठ पायाने तुडवत म्हणून. आजी त्यामुळेच घरात येऊ देत नव्हती.

म्हापशाची : ही पायाची गोष्ट अख्ख्या महाराष्ट्रात ऐकली आहे, प्रत्येकाची आजी साक्षीदार! अहो, नाव पोर्तुगीजांनी घरून आणलं, त्यांना हिंदीतल्या पाँवचं काय पडलंय?

गणिताचे मास्तर : पण पायाचा संबंध पूर्ण निकालात काढू नका. *दुसरा* पाव, पावशेरातला, तो पायाचाच आहे. संस्कृत पाद. जनावराचे चार पाय, त्यातला एक म्हणजे चौथाई. श्लोकाचा पाद तोच. सव्वा म्हणजे सपाद, पाऊण म्हणजे पाद-ऊन, पावाने कमी. 1956 च्या कायद्यानंतर मेट्रिक मापं आली, शेर गेला, तरी मंडईत भाजीवाली 'पावशेर देऊ का' विचारतेच आणि 250 ग्रॅमचं वजन टाकते. पावली, म्हणजे 25 पैशांचं नाणं, मात्र 2011 च्या जूनअखेर सरकारने बंद केली.

तर्रीवाला : आणि दारूचा पव्वा? तो विसरून कसं चालन सर 😀 पव्वा 180 मिलीचा, खंबा 750 चा. चार पव्व्यांचे 720 च होतात. 30 मिली कुठे गेले?

गणिताचे मास्तर : ज्याने मोजले त्याच्या पोटात.

भाषाशुद्ध : चर्चा भरकटते आहे. मूळ प्रश्न असा की मराठीत परके शब्द घ्यावेतच का. सावरकरांनी महापौर, दिनांक दिले, ते रुजले. या पदार्थाला 'उकडपुडी' म्हणा. उकडलेली पुडी. चिनी अर्थही टिकतो आणि उकडीचा मोदक आठवून मराठी माणसाला लगेच कळतं.

महालकर : उकडपुडी वाचून लोकांना आयुर्वेदिक चूर्ण वाटेल.

म्हापशाची : आणि भाषाशुद्ध साहेब, पगार, चावी, बादली, बटाटा, काजू, हे सगळं पोर्तुगीज आहे. उद्यापासून पगार घेणार नाही का?

भाषाशुद्ध : वेतन घेतो.

उपराजधानी : अहो, फाईल उद्या द्यायची आहे… 'पाउ' असं ऱ्हस्व उकाराने लिहून कंसात सारणासकट समजावलं तर?

विमानतळ रोड : गंमत म्हणून टाकतो. हवाई बेटांवरच्या भाषेत 'पाउ' म्हणजे संपलं. 'पाउ हाना' म्हणजे काम संपलं, ऑफिस सुटलं. कॅटलान भाषेत 'पाउ' म्हणजे शांतता, लॅटिन 'पाक्स'चं रूप, आणि पुरुषाचं नावही, पण ते पॉलवरून. चेलोवादक पाउ कासाल्स तो हाच. पोर्तुगीजमधे अनुनासिक काढून नुसतं 'पाउ' म्हटलं की लाकूड, काठी. पाउ-ब्राझिल नावाच्या झाडावरून देशाला नाव मिळालं. म्हणजे लिस्बनच्या बेकरीत नाकातून बोलायला विसरलात तर तुम्ही लाकूड मागितलं. फ्रान्समधे याच अक्षरांचं गाव आहे पण त्याला म्हणतात 'पो'.

तर्रीवाला : आणि आमच्याकडे पावना म्हणजे पाहुणा. पावने आले का पाव आणा.

महालकर : पावना हा नवसाला पावणे यातला. अतिथी देवो भव. पाहुणा आला की देव पावला.

म्हापशाची : ओढूनताणून किती! पाहुणा 'प्राघूर्ण'वरून. पावणे 'प्राप्'वरून, त्याचीच पावती. वऱ्हाडीत 'ह' गळून 'व' आला आणि दोघे एकसारखे दिसायला लागले, इतकंच.

महालकर : तुम्ही बाहेरचे, तुम्हाला वऱ्हाडीतलं काय सांगायचं.

म्हापशाची : इथल्या भाकरी काय तुम्ही एकट्यानेच खाल्ल्या? मुद्द्याचं बोला.

गणिताचे मास्तर : भांडू नका. आता कोणाला पावकी, म्हणजे पावाचा पाढा, येते? पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळी पाठ असायची. औटकीपाशी भलेभले पडायचे. औट म्हणजे साडेतीन, औट दुणे सात.

तर्रीवाला : औट घटकेचा राजा त्यातलाच का? मी तर समजून राह्यलो होतो की राजा लगेच आउट होते म्हणून.

गणिताचे मास्तर : इंग्रजीचा संबंध नाही. अर्धचतुर्थ, म्हणजे चौथा अर्धा, त्याचं घासून औट. घटका 24 मिनिटांची, औट घटका म्हणजे 84 मिनिटं. संतांनी औट हाताचा देह म्हटलंय तेव्हा इथे क्रिकेट कुठे होतं?

तर्रीवाला : तसं असन. पण आमचे पीटीचे सर आउट देतानाच सांगायचे ना, औट घटकेचा राजा, चल पॅव्हेलियनमधे.

भाषाशुद्ध : 'बाद' म्हणा.